वळणावर अडकलेली गाडी

सहा वर्षं मी देवाजवळ रोज एकच मागणं मागत होते, आणि ते काही केल्या मिळत नव्हतं. माझ्या भावावरचा माझा राग जाऊ दे, एवढंच ते मागणं होतं. सकाळी आंघोळ करायची, देवांना पाणी घालायचं, गंध-फूल वाहायचं, आणि हात जोडले की तेच वाक्य. उठून स्वयंपाकघरात जाईपर्यंत राग पुन्हा जागेवर यायचा. शेवटी शेवटी मला वाटू लागलं होतं की मी बोलते ते कुणी ऐकतच नाही. हे कुणाला सांगायचीही सोय नव्हती. आमचं घर काशीतल्या बालाजी घाटाजवळच्या जुन्या मराठी वस्तीतलं, वेदपाठी ब्राह्मणांचं. तिथे माझ्यासारख्या बाईने, ते सुद्धा संस्कृत शिकवून निवृत्त झालेल्या बाईने, असलं काही बोलायचं नसतं.

रागाचं कारण सांगते. अण्णा माझ्यापेक्षा सहा वर्षांनी मोठा. तो पाठशाळेत शिकवायचा. मूलबाळ नव्हतं. वहिनी गेल्यावर वर्षभर तो गप्प गप्प होता, आणि एका सकाळी चहा पिता पिता म्हणाला, "बेबी, मी पहाडात जातो. आईला तू बघशील ना?" मी काही उत्तर देण्याआधीच त्याचं ठरलेलं होतं. उत्तरकाशीच्या वर एका गावाबाहेर, देवदाराच्या जंगलात, कुणा ओळखीच्याची दोन खोल्यांची लाकडी कुटी होती. तिथे तो राहायला गेला. आम्ही दोघं आमचा रेल्वे कॉलनीतला संसार आवरून आईजवळ आलो. यजमानांनी एका शब्दानेही कुरकुर केली नाही. कुरकुर मीच केली, आणि तीही मनातल्या मनात, म्हणजे जास्त वाईट.

अण्णाकडे फोन नव्हता. महिन्यातून एकदा तो गावातल्या दुकानदाराच्या फोनवरून आईशी बोलायचा. मी फोन उचलून आईच्या हातात द्यायची, स्वतः बोलायची नाही. मग आई न्हाणीघरात पडली आणि तिचं खुब्याचं हाड मोडलं. अण्णा आला नाही. म्हणाला, मी येऊन काय करणार, तू आहेस ना. त्या दिवशी माझ्या तोंडून गेलं, "ठीक आहे. आता आई गेल्यावरच तुला कळवीन, तोवर फोन करू नकोस." त्यानंतर खरंच त्याचा फोन आला नाही. दोन वर्षं. आई विचारायची तेव्हा मी सांगायची, तिकडे लाइन लागत नाही.

गेल्या पौषात त्या दुकानदाराचा फोन आला. "बहनजी, पंडितजी की तबीयत ठीक नहीं है. खाँसी बहुत है. आठ दिन से नीचे नहीं उतरे. मैं आटा-दाल रख आता हूँ, पर वो दरवाज़ा पूरा खोलते ही नहीं." डॉक्टरकडे चला म्हटलं तर नको म्हणतात, आणि आता वर बर्फ पडायला लागलाय, एवढं सांगून त्याने फोन ठेवला. पुन्हा लावला तर लागेना.

मी फोन हातात धरून बसले होते. यजमान म्हणाले, "जाऊ या." मी म्हटलं, "तो आला होता आईसाठी?" ते उठले आणि गाडीच्या टायरमध्ये हवा भरून आणायला गेले. रेल्वेत उभी हयात काढलेला माणूस, पण म्हणाले, "कोहऱ्यात, या दाट धुक्यात, गाड्या बारा-बारा तास उशिरा धावताहेत, आणि त्याला परत आणायचं तर आपली गाडी हवीच." आईजवळ शेजारच्या काकू राहायला आल्या. आईला मी सांगितलं, अण्णाला बघून येतो. तिने तिची जुनी लोकरी शाल काढून दिली. निघताना देवघरासमोर उभी राहिले आणि हात जोडलेच गेले नाहीत. इतकी वर्षं काय दिलंस, असं मनात आलं. नमस्कार न करता मी गाडीत बसले. आमच्या घरातून असं कुणी प्रवासाला निघालं असेल असं मला वाटत नाही.

लखनौपर्यंत समोरच्या ट्रकच्या लाल दिव्याशिवाय काही दिसलं नाही. दुसरा मुक्काम मुरादाबाद, तिसरा ऋषिकेश. दिवसा जेवढं दिसेल तेवढंच चालवायचं, असं आम्ही ठरवलं होतं. रस्त्यात आम्ही फारसं बोललो नाही. दुकानदाराचा फोन मी दर तासाला लावत होते. चौथ्या दिवशी उत्तरकाशीला पोचलो तेव्हा पहाटेपासून बारीक पाऊस चालू होता, आणि वरच्या डोंगरांवर तोच बर्फ होऊन पडतोय असं हॉटेलवाल्याने सांगितलं. त्याने टायरला बांधायच्या साखळ्या मिळवून दिल्या आणि वर जाऊ नका असंही सांगितलं. यजमानांनी दोन्ही गोष्टी शांतपणे ऐकून घेतल्या.

पाचव्या दिवशी सकाळी आम्ही निघालो. पहिले दोन तास रस्ता ओला होता, पण काळा होता. मग कडेला पांढरं दिसायला लागलं, मग मध्ये, मग रस्ता आणि कडा यांच्यातला फरकच दिसेना. मी आयुष्यात पहिल्यांदा बर्फ पडताना बघत होते. लोक हे बघायला हौसेने जातात. मला त्यातलं काही सुंदर वाटलं नाही. गाडीच्या काचेवर येऊन बसणारा एक एक पुंजका मला मोजणीसारखा वाटत होता, आता एवढा उशीर, आता एवढा. एका ठिकाणी उतरून यजमानांनी साखळ्या बांधल्या. त्यांची बोटं इतकी बधिरली की शेवटची कडी मला लावावी लागली.

दुपारी एकच्या सुमारास एका वळणावर गाडीचं मागचं अंग हळूच सरकलं. वेग काहीच नव्हता. दरीच्या बाजूला सरकली असती तर हे लिहायला मी नसते. ती डोंगराच्या बाजूला सरकली, आणि मागचं डावं चाक गटारात जाऊन बसलं. आम्ही दगड लावले, फांद्या लावल्या, गाडीतली पायपुसणी चाकाखाली घातली. चाक जागच्या जागी फिरायचं आणि बर्फ उडवायचं. फोनला रेंज नव्हती. दुकानापर्यंत अजून सहा किलोमीटर होते, आणि यजमानांचा गुडघा कितीतरी वर्षांपासून दुखरा.

मी गाडीत बसून विष्णुसहस्रनाम सुरू केलं. भीती वाटली की तेच तोंडात येतं, लहानपणापासूनची सवय. पण त्या दिवशी मधेच अडखळले. जे हजारो वेळा म्हटलंय ते पुढे आठवेना. पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, पुन्हा तिथेच अडकले. बाहेरून यजमान म्हणाले, "गाडी मंत्राने निघत नाही, तू जरा उतरून मागून ढकल." मी उतरले, ढकललं, गुडघ्याएवढ्या गटारात पडले, आणि तिथेच बसून राहिले. मनात म्हटलं, मला आता काही येत नाही. मंत्र येत नाही, गाडी ढकलता येत नाही, राग सोडता येत नाही. तुझं तू बघ. ही प्रार्थना होती असं मी म्हणणार नाही. त्यात भक्ती नव्हती. थकवा होता, आणि थोडा त्रागाही.

त्यानंतर लगेच काही घडलं नाही. अर्धा तास तरी तसाच गेला असेल. मग वरच्या बाजूने, वळणाच्या पलीकडून, एक काळी छत्री खाली येताना दिसली. छत्रीखाली पंचेचाळीस-पन्नासची एक बाई होती. पायात पुरुषी गमबूट, अंगात दोन स्वेटर, पाठीवर पिशवी, हातात काठी. आम्हाला बघून तिला काडीचंही आश्चर्य वाटलं नाही. "कहाँ जाना है इस बर्फ़ में?" तिने विचारलं. मी अण्णाचं नाव सांगितलं, काशीहून आलोय म्हटलं. तिने छत्री मिटली. "पंडितजी के घरवाले हो?" तिने इतकंच विचारलं, पण ते ऐकताना मला मान वर करता आली नाही.

तिचं नाव बिमला. त्या भागातली सरकारी नर्स, गावोगाव फिरून लसी देणारी, बाळंतपणं करणारी. तीन दिवसांपूर्वी तिने अण्णाचं दार वाजवलं होतं. त्याने आतूनच, ठीक आहे, असं सांगितलं होतं. आज ती खाली निघाली होती, कारण जीपगाड्या बंद झाल्या होत्या आणि तिला संध्याकाळच्या आत मोठ्या रस्त्याला लागायचं होतं. रजेवर चाललेय, एवढंच ती म्हणाली.

यजमान म्हणाले, "हमें गाँव तक का रास्ता बता दीजिए." ती म्हणाली, "गाँव क्यों जाओगे? कुटिया तो यहीं ऊपर है. सड़क घूमकर जाती है, पगडंडी सीधी जाती है." आणि तिने आमच्या गाडीच्या अगदी वर, देवदारांमधून चढत गेलेली एक पायवाट दाखवली. बर्फात ती आम्हाला दिसलीही नसती. आमचा बेत दुकानापर्यंत जाऊन, चौकशी करून, चहा घेऊन, मग वर चढायचा होता. तिने घड्याळात बघितलं, खालच्या रस्त्याकडे बघितलं आणि म्हणाली, "चलो, छोड़ आती हूँ. घंटे भर की बात है." तिची काठी तिने यजमानांना दिली. ती नको म्हणून त्यांनी गाडीच्या जॅकचा लोखंडी दांडा घेतला, तर तिने काठी माझ्या हातात दिली.

ती चढण मला तासाभराची वाटली, खरं तर अर्ध्या तासाचीच असेल. ती पुढे पाय रोवत जायची आणि आम्ही तिच्या पावलांच्या खड्ड्यांत पाय ठेवत जायचो. कुटी दिसली तेव्हा पहिलं मला हायसं वाटलं, कारण आजूबाजूला सगळं शांत आणि नीटनेटकं होतं. सरपण रचून ठेवलेलं, अंगणात तुळशीची कुंडी गोणपाटात गुंडाळलेली. मी हाक मारली, "अण्णा!" उत्तर नाही. दार आतून बंद. बिमलाने छपराकडे बघितलं, मग खिडकीकडे. खिडकीच्या फटींत कपड्यांचे बोळे कोंबलेले होते. तिचा चेहरा बदलला. "अंगीठी अंदर रखी है," ती म्हणाली, "दरवाज़ा तोड़ो. जल्दी."

यजमानांनी जॅकचा दांडा फटीत घालून जोर लावला. कडी निसटायला किती वेळ लागला ते मला आठवत नाही. आत धूर नव्हता, म्हणून मला वाटलं काही नाही. पण बिमलाने मला मागे ओढलं, पदर नाकाला लावून ती आत धावली आणि खिडकी उघडून आली. खाटेजवळ कोळशाची शेगडी धुमसत होती, आणि तिचा विषारी वायू बंद खोलीत कोंडला होता. अण्णा खाटेवर अंथरुणात होता. तोंड उघडं, हाका मारून, हलवून काही प्रतिसाद नाही. तिघांनी मिळून त्याला गोधडीसकट उचललं आणि बाहेर पडवीत आणलं. तो इतका हलका झाला होता की मला उचलताना भलतंच वाटलं.

बिमलाने त्याची नाडी बघितली, त्याला कुशीवर वळवलं, छाती मोकळी केली आणि बाकीचं सगळं अंग झाकायला सांगितलं. "हवा लगने दो. पैर रगड़ो." मी आईची शाल त्याच्या डोक्याला गुंडाळली आणि पाय चोळायला बसले. पाय बर्फासारखे गार आणि टाचा भेगाळलेल्या. मी काही म्हणत नव्हते, काही मागत नव्हते. चोळत होते. काही वेळाने तो कण्हला. मग ओकला. बिमला म्हणाली, "अच्छा है." अजून काही वेळाने त्याने डोळे उघडले, बराच वेळ माझ्याकडे बघितलं, आणि त्याचे ओठ हलले. मी कान जवळ नेला.

"बेबी," तो म्हणाला, "आई गेली का गं?"

मला आधी कळेना तो असं का विचारतोय. मग कळलं. मीच त्याला सांगितलं होतं, आई गेल्यावरच कळवीन. दोन वर्षं तो ते वाक्य धरून बसला होता, आणि मी समोर दिसले याचा त्याच्या लेखी दुसरा अर्थच नव्हता. "नाही रे अण्णा," मी म्हटलं, "घरी आहे. ही बघ, तिची शाल." त्याने शालीचं टोक मुठीत धरलं आणि डोळे मिटले. मी पुन्हा पाय चोळायला लागले.

अंधार पडायच्या आत बिमला खाली उतरू शकली असती. ती उतरली नाही. त्याच्या छातीत कफ होता, ताप होता. तिने गावात जाऊन आरोग्य उपकेंद्रातून औषधं आणली, दुकानामागच्या टेकडीवर उभी राहून डॉक्टरांना फोन लावला, त्यांनी सांगितलं तसं केलं, आणि ती आमच्याबरोबर राहिली. सकाळी बघतो तर दार उघडेना, इतका बर्फ साचलेला. पुढचे चार दिवस खालचा रस्ता बंद होता. अण्णा दुसऱ्या दिवशी उठून बसला. तिसऱ्या दिवशी त्याने पेज मागितली. मग सावकाश त्याने सांगितलं की खोकल्याने झोप लागत नव्हती, गारठा सोसवत नव्हता, म्हणून त्या सकाळी पहिल्यांदाच त्याने खिडकीच्या फटी बुजवल्या होत्या आणि शेगडी आत घेतली होती. एरवी तो ती पडवीतच ठेवायचा.

त्याच तिसऱ्या दिवशी ऊन पडलं. मी पाणी तापवायला बाहेर आले तर बिमला अंगणाच्या टोकाला, जिथे जरा रेंज यायची तिथे, फोन डोळ्यांजवळ धरून उभी होती. मला बघून तिने फोन पुढे केला. "बेटी की सगाई थी कल. फोटो भेजी है." हिरवी साडी नेसलेली एक हसरी मुलगी, शेजारी एक लाजरा मुलगा. ती रजेवर चालली होती ती यासाठी. "आपने बताया क्यों नहीं?" मी विचारलं. ती म्हणाली, "बताती, तो आप लोग मुझे जाने को कहते." आणि फोन पदराला पुसून ती आत अण्णाचा ताप बघायला गेली.

यजमान या सगळ्याला योगायोग म्हणतात. गाडी सरकणार होती ती तिथे सरकली, बाई चालली होती ती तेव्हा आली. त्यांच्याशी मी वाद घालत नाही, कारण काय झालं ते आम्ही दोघांनी सारखंच बघितलं. मला फक्त एवढं सांगायचं आहे की राग कधी गेला ते मला कळलंच नाही. चौथ्या दिवशी अण्णाने मिठाबद्दल कुरकुर केली, मी त्याला लहानपणीसारखं झिडकारलं, तो हसला, आणि तेव्हा माझ्या ध्यानात आलं की आत काहीच उरलेलं नाही. इतकी वर्षं हात जोडून जे गेलं नाही ते पाय चोळताना गेलं असेल. किंवा गटारात बसले होते तेव्हा.

रस्ता मोकळा झाल्यावर गावातल्या लोकांनी दोर लावून गाडी काढली. उत्तरकाशीच्या इस्पितळात अण्णाला आठवडाभर ठेवलं आणि मग घरी आणलं. आईला आता फारसं दिसत नाही. तिने त्याच्या चेहऱ्यावरून, दाढीवरून हात फिरवला आणि म्हणाली, "न्हाव्याकडे जाऊन ये आधी." इतकंच. तो गेला. चैत्र लागल्यावर म्हणाला, मी परत जातो. मला वाटलं होतं, आता तो राहील. मी काकुळतीला आले, पण त्याला त्याची जागा तिथे सापडली आहे हे मला दिसत होतं. त्याने दर आठवड्याला फोन करायचं कबूल केलं आणि तो करतो. आईशी बोलणं झालं की तो माझ्याशीही बोलतो. त्याने माझ्या म्हणण्यासारखं वागावं हा हट्ट सुटला, आणि त्यात मला काही गमावल्यासारखं वाटलं नाही, याचंच नवल वाटतं.

वैशाखात बिमलाच्या मुलीचं लग्न झालं. आम्ही दोघं गेलो. अण्णाही कुटीवरून आला होता, त्याने मुलीच्या डोक्यावर अक्षता टाकत मराठीतून मंगलाष्टकं म्हटली. तिथे कुणालाच शब्द कळले नसतील, पण सगळे शांत उभे होते. मी मुलीला एकटीला गाठून म्हटलं की तुझ्या सगाईला तुझी आई आमच्यामुळे नव्हती, ते माझ्या मनाला लागून राहिलंय, मला माफ कर. मुलगी हसायला लागली. म्हणाली, "आंटी, मम्मी ऐसी ही हैं. मेरी बोर्ड की परीक्षा के दिन किसी की डिलीवरी में थीं. भैया का मुंडन था, तब भी किसी को पीठ पर लेकर नीचे उतरी थीं. आप बुरा मत मानो. हमको आदत है."

तोवर मी समजत होते की देवाने त्या दुपारी तिला माझ्यासाठी पाठवलं. त्यात माझा थोडा अहंकारच होता. ती तर कितीतरी वर्षं त्या डोंगरात कुणा ना कुणासाठी मागे वळतच होती, मी हाक मारण्याच्या खूप आधीपासून, आणि मी नसते तरी वळली असती. त्या दिवशी नवं एवढंच होतं की आम्हाला पुढे जाता येत नव्हतं, आणि म्हणून ती आम्हाला दिसली. मांडवात ती पाहुण्यांना पुऱ्या वाढत होती. माझ्या पानाशी आली, दोन पुऱ्या टाकल्या, मी नको नको म्हणत असताना तिसरी टाकली आणि पुढे गेली. मी ती गुपचूप खाल्ली.